वाढत आहे

आमच्याकडे बाईचं मंगळसूत्र तुटलं तर 'तुटलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटली तर बांगडी वाढली. देवापुढे नारळसुद्धा वाढवतात. अभद्र शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून ही पद्धत. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दाभोवती झालं आणि माझ्या हातून झालं. शब्दावर दोष ढकलून आठ वर्षं मी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी बाबली. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. रापणीवर माझी चाळीस वर्षं गेली. रापण म्हणजे लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे. जाळं शिवायला, त्याचे डोळे म्हणजे भोकं तपासायला माझ्यासारखा हात वाडीत नव्हता, असं लोकच म्हणत. पण कागदावर अंगठा उठवायचो.

साठ साली पावसाळ्यात इनासियाबाईंनी शाळेत प्रौढांचा वर्ग काढला. मी बावन्न वर्षांचा. आमच्या वाडीतल्या राधाबाईने पहिल्याच दिवशी मला वाटेत गाठलं.

"बाबल्या, पन्नाशी उलाटली आणि आता ग म भ न गिरवतस? वायच थांब, साठीत तुका दप्तर घेवन देतंय."

बाई मात्र सांभाळून घेत. "बाबलीबाब, हात सैल सोडा. पाटी खंय पळान जाता?"

अक्षरं आली, काना, मात्रा, वेलांट्या आल्या. जोडाक्षरं सुरू व्हायची होती तेवढ्यात नारळी पुनव आली, समुद्र उघडला आणि आम्ही सगळे रापणीवर गेलो. जोडाक्षरं पुढच्या पावसात, असं बाई म्हणाल्या. माझ्या नावात जोडाक्षर नाही. बाबली. मला वाटलं, नाव लिहिता येतं म्हणजे झालं.

वाडीतल्या बायका माझ्याकडे पत्रं आणू लागल्या. शाळेत जाणारी मुलं होती, पण घरातल्या गोष्टी मुलाच्या तोंडून ऐकायच्या म्हणजे बायकांना संकोच वाटे. मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून वाचायचो. ओढताना जाळं तळाच्या खडकाला लागलं की ते अलगद उचलून पुढे न्यावं लागतं, नाहीतर फाटतं. जोडाक्षर आलं की मी तसंच करायचो. मुंबईहून येणारी पत्रं सगळी सारखीच. इथे सर्व कुशल, तिकडची खुशाली कळवा, तापाला आता उतार आहे. दोन शब्द उचलले तरी अर्थ लागायचा. कोणाला कळलं नाही. मान वाढला, आणि तो मला आवडायला लागला.

नर्मदावैनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ लवकर गेला. त्यांचा एकच मुलगा, हरिश्चंद्र. तो मालवणच्या हायस्कुलात पहिला आला, मग मुंबईला गेला, आणि तिथल्या एका संस्थेत आकाशाचं गणित करतो एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याच वर्षी वैशाखात त्याचं लग्न झालं होतं. मुलगी धामापूरची, सुगंधा. मुंबईला तो चौघांत एका खोलीत राहायचा, म्हणून सुगंधा सासूजवळ राहिली होती.

कार्तिकात त्याचं पत्र आलं. दुपारची वेळ. वैनीच्या खळ्यात पाचसहा बायका सुकट निवडत बसल्या होत्या. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"काय म्हणता माझो झील?" वैनीने विचारलं.

मी कागद हातभर लांब धरला. नमस्कार पाठ होता, तो म्हटला. मग वाचलं, "खेपेस तू विचारलंस, मी इथे नेमकं काय काम करतो. सांगतो."

पुढचा शब्द 'वि' ने सुरू होत होता आणि त्यानंतर दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर बसली होती. मी जाळं उचललं.

"...वाढत आहे. रोज वाढत आहे."

वैनीचा हात सुकटीत थांबला. "काय वाढता?"

"वायच दम धर, वैनी. फुडे ऐक." पुढे दोन शब्द खडकासारखे. ते ओलांडले. "...एकमेकांपासून दूर जात आहेत."

राधाबाई म्हणाली, "घोव थंय, बायल हंय. हेंच्यात वाढासारखी वस्तू आसा ती एकच."

सगळ्यांनी सुगंधाकडे पाहिलं. तिचा हात गळ्याशी गेला होता.

"भावजी, नीट वाचा," वैनी म्हणाली. "काय वाढला तां लिवलां हा ना? तां सांगा."

हा शब्द मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. राधाबाई हसली असती, चार दिवस चिडवलं असतं. मी सुगंधाच्या गळ्याकडे पाहिलं आणि होय अशी मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही. नंतर कितीतरी दिवस मी याचाच आधार घेतला, की मी बोललो काहीच नाही.

पुढे माझं नाव दिसलं. 'बाबलीकाकां' एवढं लागलं, आणि शेवटी 'समज' असा शब्द होता. मी आवाज चढवून वाचलं, "बाबलीकाकाक समज आसा, असां लिवलां हा." त्या घरावर कसला प्रसंग आला होता, आणि मी माझं कौतुक वाचत होतो. त्यानंतरच्या ओळी नुसत्या जोडाक्षरांनी भरलेल्या. त्या सगळ्या मी एकदम ओलांडल्या. शेवटाजवळच्या एका ओळीवर थांबलो. तिच्यातले तीन शब्द मला लागले.

"सुगंधाला आधी पाठव."

"खंय?"

हे सुगंधाने विचारलं. मोठ्यांसमोर ती तोपर्यंत कधी बोलली नव्हती. उत्तर राधाबाईने दिलं.

"आणि खंय गो? म्हायेराक."

तिसऱ्या दिवशी वैनीने सुनेला धामापूरला पोचवलं. पाठवायचं तिच्या मनात नव्हतं. पण शिकलेल्या मुलाने लिहिलंय, ते कसं मोडायचं? परत आली ती डोळे सुजवून. मला म्हणाली, हरीला कळवा. मी स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलं. "सुगंधाला पाठवली." एकही जोडाक्षर नाही, म्हणून मी त्या कार्डावर खूश होतो.

महिन्याने उत्तर आलं, चार ओळींचं. सुगंधा आली नाही. तिला यायचं नसेल तर राहू दे. मी निघालो. यातलं बहुतेक मला वाचता आलं.

"आली नाय म्हणजे?" वैनी म्हणाली. "खंय येवची होती ती?"

दोर जड झाला की रापणकऱ्याला कळतं, खाली काहीतरी अडकलं आहे. पण मी म्हटलं, "पत्रात तसांच म्हणतत गे." वैनीने कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवलं. हरी विलायतेला गेला. तिकडून त्याची पत्रं आली ती नुसती प्रकृतीची. धामापूरला सुगंधाच्या बापाने त्याचं पाकीट न फोडता परत पाठवल्याचं कानावर आलं. इनासियाबाईंकडे तो डबा घेऊन जा, असं मी वैनीला सांगू शकलो असतो. सगळा उन्हाळा मी ते सांगितलं नाही.

पाऊस लागला तसा मी पाटी घेऊन वर्गात गेलो. बाईंनी एकेक जोडाक्षर घेतलं. क्य, त्य, ल्य. बाराव्या की तेराव्या दिवशी फळ्यावर श लिहिला, शेजारी व लिहिला.

"ह्ये दोगे जोडले की श्व. आता शब्द बगा." आणि लिहिलं, विश्व.

मी ओळखलं. ते दोघे तसेच एकमेकांच्या अंगावर बसलेले.

"बाई, ह्येचो अर्थ काय?"

"विश्व म्हणजे सगळां जग, बाबलीबाब. जमीन, दर्या, सूर्य, तारे, सगळां."

"आणि विश्व वाढता म्हणजे?"

"मोठां होता."

"फुटत नाय?"

बाई हसल्या. "नारळ आसा काय तो, फुटाक?"

वर्गातले सगळे हसले. मी पाटी पुसली आणि उठलो.

वैनीकडून ते पत्र आणि नंतरचं कार्ड मागून घेतलं. कशाला, हे तिने विचारलं नाही. मी पडवीत, शिवायला टांगलेल्या जाळ्याखाली बसलो आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत वेळ गेला. पत्र असं होतं:

"मागच्या खेपेस तू विचारलंस, मी इथे नेमकं काय काम करतो. सांगतो. विश्व वाढत आहे. रोज वाढत आहे. ताऱ्यांच्या वस्त्या एकमेकांपासून दूर जात आहेत. पण कोणीही आपली जागा सोडलेली नाही. बाबलीकाकांच्या जाळ्यासारखं समज. जाळ्यात प्रत्येक गाठ आपल्या ठिकाणी पक्की असते. आता समज, जाळ्याचा प्रत्येक डोळा वीतभर होता, तो एकाच वेळी दोन विती झाला. म्हणजे शेजारची गाठ एका वितीवर होती ती दोन वितींवर गेली, आणि दहा डोळे पलीकडची दहा वितींवरून वीस वितींवर. जितकी लांबची गाठ, तितकी जोराने पळालेली दिसणार. कुठल्याही गाठीवर बसून पाहिलं तरी हेच दिसेल, आणि प्रत्येकीला वाटेल की आपणच मधोमध आहोत. पण या जाळ्याला मध्य नाही, काठ नाही आणि ओढणारं कोणी नाही. दोन गाठींमधले डोळे मोजले तर पूर्वी होते तेवढेच भरतात. फक्त डोळ्याची लांबी काळाबरोबर बदलते. ती कशी बदलते, आणि ते जाळं सपाट पसरलेलं आहे की माठाच्या पाठीसारखं वाकलेलं आहे, याचं गणित मी करतो. काकांना हे लगेच समजेल. मला पुढच्या शिक्षणासाठी तीन वर्षं इंग्लंडला जायचं आहे. दोघांची व्यवस्था झाली आहे. सुगंधाला येत्या अमावास्येच्या आधी माझ्याकडे पाठव. मी भाऊच्या धक्क्यावर येऊन थांबेन."

मी कार्ड लिहिलं होतं, सुगंधाला पाठवली. तो धक्क्यावर चार बोटींची माणसं उतरताना बघत उभा राहिला होता. हे त्याच्या त्या चार ओळींच्या कार्डात होतं. 'पाहिल्या' या शब्दात जोडाक्षर होतं, म्हणून मी तेही गाळलं होतं.

डोक्यावर जाळं टांगलेलं होतं. मी त्यातली एक गाठ धरली आणि तिच्यापासून डोळे मोजत गेलो. काकांना लगेच समजेल, असं त्याने लिहिलं होतं. आधी मला उलट वाटलं. सुती जाळं भिजलं की आखडतं, लांबत नाही. आणि दोराला माणसं नसली तर जाळं हलणार कसं? पण मोजता मोजता उलगडलं. इथून दहावी गाठ ती दहावीच राहणार, डोळा केवढाही होवो. चाळीस वर्षं जी वस्तू हातात धरली, तिच्यावरून त्याने आईला समजावलं होतं. मध्ये मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पावसातून चालत धामापूर गाठलं. सुगंधाच्या बापाने मला पाहून पाठ फिरवली. ती पुढे आली. गळ्यात मंगळसूत्र होतं.

"काकानू, तुमी? सासूबाय बऱ्या आसत ना?"

"बरी आसा. मी पत्र घेवन इलंय. हरीचां. तां मी चुकीचां वाचलंय."

तिने पाट मांडला, पाणी आणलं आणि उभी राहिली. मी सांगितलं, मला जोडाक्षरं येत नव्हती, ती मी सोडली, तेवढीच सोडली, दुसरं काही केलं नाही. हे 'तेवढीच' मी दोनतीनदा म्हटलं असेन.

ती हात पुढे करून म्हणाली, "माका द्या."

"मी वाचून दाखयतंय."

"नको. हंय भगवतीच्या देवळात बायकांचो वर्ग आसा. मी जातंय थंय."

ती दारातल्या उजेडात बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. माझ्यापेक्षा बरी वाचत होती. विश्वपाशी थोडी अडखळली, पण मला विचारलं नाही. ताऱ्यांच्या वस्त्या झाल्या. मग बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथून हललंच नाही. तिने ती ओळ परत वाचली.

"पण कोणीही आपली जागा सोडलेली नाही."

मी खाली पाहिलं.

"काकानू, ह्येच्यात जोडाक्षर खंय आसा?"

पाऊस पडत होता. बाप अजून पाठ करून बसला होता, पण त्याची मान आमच्याकडे वळली.

"नाय ना?" ती म्हणाली. "ह्यां तुमका वाचूक येय होतां."

"होय."

"मगे?"

"मागल्या-फुडल्याशी जुळत नव्हतां. म्हणान गाळलंय."

या आठ वर्षांत मी कोणाला सांगितलं नाही ते हेच. त्या दुपारी खळ्यात मी ती ओळ वाचली होती. मनात सबंध वाचली होती, न अडखळता. सगळे दूर जात आहेत आणि कोणी जागा सोडलेली नाही, हे कसं होईल? मी मान हलवून बसलो होतो, आणि ही ओळ मोठ्याने म्हटली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग वाढलं काय? म्हणून ती मी गिळली. तिथे खडक नव्हता. तळ साफ होता.

सुगंधाने कागदाची घडी केली.

"आठ म्हयने हंयच्या बायका माका विचारतत, घोवान कित्याक सोडल्यान गो तुका? मी सांगी, माका ठावक नाय." तिचा आवाज चढला नाही. "आता तुमी जंय वाचलात, थंयच वाचा. त्याच बायकांच्या म्होरे. सगळां. मगे मी त्या घराची पायरी चढतंय."

नारळी पुनवेच्या आधी चार दिवस उघडीप मिळाली. तेच खळं. राधाबाई होती, बाकीच्या होत्या, सुगंधाने निरोप धाडून इनासियाबाईंनाही बोलावलं होतं. ती स्वतः खळ्याच्या बाहेर माडाखाली बापाबरोबर उभी होती. वैनीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. तिने मला बसायला घोंगडी टाकली, पण ती परक्या पाहुण्याला टाकावी तशी.

मी वाचलं, "विश्व वाढत आहे."

राधाबाई म्हणाली, "अरे देवा. म्हणजे फुटला?"

"नाय. वाढता म्हणजे मोठां होता."

"कोण मोठां करता तेका?"

"कोण नाय. आपणच होता."

"मगे आपण खंय जातंव रे?"

"खंयच नाय, राधाबाय. आपण जागेरच." आणि मी टोपलीतून आणलेला जाळ्याचा तुकडा काढून पसरला, गाठी दाखवल्या, डोळे मोजून दाखवले. बायका वाकून बघत होत्या. एकीने विचारलं, काठाबाहेर काय आसता? मी म्हटलं, काठच नाय असां हरी लिवता. ती म्हणाली, काठ नाय तर मासो भायर खंयसून काढतलास? हसू आलं सगळ्यांना. थोडा वेळ मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीही लाज वाटते. कारण मी जाळं पसरून ती ओळ लांबवत होतो.

मग माडाखालून सुगंधा म्हणाली, "फुडे वाचा, काकानू."

मी वाचली. "पण कोणीही आपली जागा सोडलेली नाही." आणि तिने सांगितलं नव्हतं तरी म्हटलं, "ही ओळ माका तेवाच वाचूक येय होती. जाणान गाळलंय."

मी राधाबाईकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, पाटी-दप्तर काढेल, असं वाटलं. ती पदराने हात पुसत राहिली. इनासियाबाई जमिनीकडे बघत होत्या. पत्र संपेपर्यंत वाचलं. मग सुगंधा पायरी चढून आत गेली आणि वैनीने तिला धरलं. मी घोंगडी झटकून घडी घातली आणि घरी आलो.

हरीला सुगंधाने स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. उत्तर आलं तेही तिनेच वाचलं. कागदपत्रं व्हायला दिवाळी उलटली. बोटीवर नेणाऱ्या पडावात चढण्याआधी ती सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापुढे आली, वाकली नाही. जरा उभी राहिली, "येतंय," म्हणाली आणि गेली. ते बरोबरच होतं.

तीन वर्षांनी दोघं परतली. आता मुंबईत असतात, दर मे महिन्यात येतात. हरी माझ्या जाळ्याशी येऊन बसतो. नायलॉनचं जाळं भिजून आखडत नाही, हे त्याला फार आवडलं. त्या पत्राविषयी तो बोलत नाही. वैनी पुन्हा बोलायला लागली आहे, पण पत्रं मला दाखवत नाही. मी मागतही नाही.

रापण सुरू करताना होडीपुढे नारळ वाढवायचा मान अजून माझ्याकडे आहे, वयामुळे. सगळे म्हणतात, "वाढय रे बाबली." मी दगडावर आपटतो आणि म्हणतो, "फोडलंय." राधाबाई दरवर्षी ओरडते, "मेलो अभद्र बोलता, सालाच्या पयल्या दिसाक!" मी तिला बोलू देतो.